लाल-निळा दिवा लावला की गाडी पोलिसांची होते का? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हा प्रश्न विचारायलाच पाहिजे

संध्याकाळी सहाच्या सुमारास चाकणचा तळेगाव चौक बघा. कंपन्यांची शिफ्ट सुटलेली असते. एका बाजूने पुणे-नाशिक महामार्ग, दुसऱ्या बाजूने तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता. मध्ये नव्याकोऱ्या गाड्या घेऊन निघालेले लांबलचक कंटेनर, कंपनीच्या बसेस, शेअर रिक्षा आणि मिळेल त्या फटीतून पुढे सरकणाऱ्या टू-व्हीलर. अशात मागून सायरन वाजतो. आरशात बघावं तर पांढरी एसयूव्ही. पुढच्या जाळीत लाल-निळा दिवा लुकलुकतोय.

आता ही गाडी पोलिसांची आहे का? अ‍ॅम्ब्युलन्स तर दिसत नाही. एखाद्या साहेबांची आहे का? की कुणा 'भाऊं'ची, ज्यांनी ऑनलाइन दिवा मागवून लावलाय?

तुमच्याकडे ठरवायला दोन-तीन सेकंद असतात. खरी असेल आणि तुम्ही जागा दिली नाही, तर कायद्याने गुन्हा. खोटी असेल आणि तुम्ही जागा दिली, तर त्या भाऊंचा पुढच्या वेळचा कॉन्फिडन्स तुम्हीच वाढवला. आणि असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी खऱ्या गाडीलाही कुणी बाजू देत नाही.

म्हणजे विषय दिसायला स्टिकर आणि दिव्याचा आहे, पण त्याच्या मागे जीव वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न आहे. म्हणून जरा नीट समजून घेऊ.

आधी आपला पट्टा बघू

पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १५ ऑगस्ट २०१८ ला. पहिले आयुक्त होते आर. के. पद्मनाभन. पुणे शहर पोलिसांकडून पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, वाकड, हिंजवडी, सांगवी अशी ठाणी आली आणि पुणे ग्रामीणकडून चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव दाभाडे अशी ठाणी आली.

यामुळे झालं काय, तर एकाच आयुक्तालयात दोन वेगळी जगं आली. एकीकडे हिंजवडीचं आयटी पार्क आणि वाकडच्या सोसायट्या. दुसरीकडे चाकण एमआयडीसी, म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, खराबवाडी. तिथे रात्री रस्त्याच्या कडेला उभे असलेले कंटेनर आणि मधले अंधारे पट्टे. शहरातल्या चौकात पोलीस गाडी पन्नास फुटांवरून दिसली तरी चालतं. महामार्गावर ती लांबून दिसली नाही, तर मागून येणारा ट्रक तिच्यावरच आदळू शकतो.

यातली गंमत अशी, की हा पट्टाच गाड्या बनवणारा आहे. टाटांच्या पिंपरी कारखान्यातून १९९४ मध्ये आलेली सुमो पुढे कित्येक वर्षं देशभरातल्या पोलीस ठाण्यांच्या दारात उभी असायची. सुमंत मूळगावकर यांच्या नावातली अक्षरं घेऊन तिचं नाव पडलं, हे तुम्ही वाचलं असेलच. महिंद्राच्या चाकण कारखान्यात स्कॉर्पिओ-एन बनते. बजाजची पल्सरही चाकणचीच. गाडी कशी बनवायची हे या पट्ट्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण ती गाडी एकदा पोलिसांकडे गेली की ती पोलिसांचीच आहे हे लोकांना कसं कळणार, हा वेगळाच अभ्यास आहे. तो अभ्यास सगळ्यात पद्धतशीरपणे केला ब्रिटनने.

ब्रिटनची पिवळी-निळी चौकट आली कुठून?

ब्रिटनच्या मोटरवेवर पूर्वी पांढऱ्या पोलीस गाड्या असायच्या आणि मधून लाल पट्टा. लोक त्याला चेष्टेने 'जॅम सँडविच' म्हणायचे. पावाच्या दोन स्लाइस आणि मध्ये जॅम.

१९९० च्या दशकात तिथल्या गृह खात्याच्या वैज्ञानिक शाखेने नवी रचना तयार केली. गाडीच्या बाजूवर पिवळ्या आणि निळ्या रंगाचे मोठे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. तशाच चौकटी असलेल्या एका केकवरून या नक्षीला 'बॅटनबर्ग' नाव पडलं. उद्देश असा होता की साधारण अर्ध्या किलोमीटरवरूनही गाडी पोलिसांचीच आहे हे ओळखू यावं.

यात दोन गोष्टी एकत्र वापरल्या आहेत. पिवळा रंग फ्लुरोसंट असतो. तो दिवसा, ढगाळ हवेत, धुक्यात उठून दिसतो. आणि चौकोनांचा पत्रा परावर्तक असतो. म्हणजे रात्री तुमच्या हेडलाइटचा उजेड तो थेट तुमच्याकडेच परत पाठवतो. त्यासाठी गाडीचा दिवा चालू असण्याचीही गरज नाही. बॅटरी उतरली, इंजिन बंद पडलं, तरी गाडी दिसते.

मागच्या बाजूला लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्या असतात. कारण अपघाताच्या ठिकाणी पोलीस गाडी रस्त्यातच थांबलेली असते आणि मागून येणाऱ्याला 'पुढे काहीतरी थांबलंय' हे सगळ्यात आधी कळायला हवं.

रंगांचीही वाटणी आहे. पिवळा-निळा पोलिसांचा, पिवळा-हिरवा अ‍ॅम्ब्युलन्सचा, पिवळा-लाल अग्निशमन दलाचा. गाडीचा मेक कुठलाही असो, लांबून रंग दिसला की कोण येतंय ते कळतं. अनेक गाड्यांच्या छतावर मोठे आकडे-अक्षरं असतात, ती हेलिकॉप्टरमधल्या पोलिसांना वाचता यावीत म्हणून. शस्त्रधारी पथकाच्या गाडीवर छोटी पिवळी खूण असते. सामान्य माणसाच्या ती लक्षातही येत नाही, पण सहकाऱ्यांना बरोबर कळते.

डिकीत काय असतं? ट्रॅफिक कोन, रस्त्यावर ठेवायचे फलक, प्रथमोपचाराचं साहित्य, पळणाऱ्या गाडीचे टायर पंक्चर करणारी काट्यांची पट्टी, आणि अपघातानंतर काचा गोळा करायला चक्क झाडू. गाडीवरच्या कॅमेऱ्याने समोरच्या गाड्यांचे नंबर आपोआप वाचले जातात आणि चोरीची किंवा विमा नसलेली गाडी असेल तर सूचना येते.

आता तिथेही सगळं आलबेल नाही. चार-पाच गाड्या एकाला लागून उभ्या राहिल्या की चौकटीत चौकट मिसळते आणि कुठली गाडी कुठे संपते तेच कळत नाही, अशी टीका झाली. शिवाय नकलाही आल्या. तिकडे घोडेस्वार एक जॅकेट घालतात. त्यावर पोलिसांच्याच धाटणीत मोठ्या अक्षरात 'पोलाइट' लिहिलेलं असतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'पोलीस'पेक्षा एकच अक्षर वेगळं. लांबून बघणारा गाडीचा वेग आपोआप कमी करतो.

आपल्याकडचे 'पोलीस मित्र' आणि 'प्रेस'वाले एकटे नाहीत, एवढंच समाधान.

आपल्या गाडीवर काय असतं?

महाराष्ट्र पोलिसांची ओळख म्हणजे पंचकोनी तारा, त्यात आशीर्वादाचा हात आणि 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद. गाडीवर देवनागरीत 'पोलीस'.

२०२१ पासून यात भर पडली ती ११२ च्या गाड्यांची. पांढरी बोलेरो आणि त्यावर ठळक ११२. ही गाडी साध्या व्हॅनपेक्षा वेगळी आहे. तुम्ही ११२ लावला की फोन आधी तुमच्या ठाण्यात जात नाही. तो राज्याच्या मध्यवर्ती कक्षात जातो. मुख्य कक्ष नवी मुंबईत आणि दुसरा नागपुरात. तिथून तुमचं ठिकाण काढलं जातं आणि माहिती संबंधित शहर किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला जाते. तुमच्या जवळ कुठली गाडी आहे ते जीपीएसवर दिसतं आणि त्या गाडीतल्या स्क्रीनवर कॉलचा तपशील पोहोचतो. पोलिसांनी प्रतिसाद कधी दिला, जागेवर कधी पोहोचले, याची नोंद राहते.

याशिवाय महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्या असतात. त्यात वेग मोजणारी लेझर गन, दारू तपासणारं यंत्र आणि काचेची काळी फिल्म मोजणारं यंत्र असतं. गल्लीबोळात बीट मार्शलच्या बाइक असतात.

म्हणजे उपकरणांच्या बाबतीत आपण फार मागे आहोत असं नाही. आपली अडचण ओळखीची आहे. पोलीस हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याच्या गाडीचा रंग आणि नक्षी वेगळी. राज्यातही ११२ ची बोलेरो एक दिसते, ठाण्याची जीप दुसरी दिसते आणि वाहतूक शाखेची गाडी तिसरी. बिहारमधून चाकणला कामाला आलेल्या पोराने किंवा गुजरातच्या ट्रक ड्रायव्हरने नेमकं काय बघून ओळखायचं? देवनागरी न वाचणाऱ्या ड्रायव्हरने काय करायचं? ब्रिटनमध्ये रंग बोलतो. आपल्याकडे पाटी वाचावी लागते.

दिवा लावायचा हक्क नेमका कुणाला?

१० डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात लाल दिवा आणि सायरनच्या गैरवापरावर कडक भूमिका घेतली. पुढे १९ एप्रिल २०१७ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०१७ पासून व्हीआयपींचे लाल दिवे गेले. मंत्र्यांचेही गेले.

उरलं ते असं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०८ प्रमाणे लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन कामाच्या गाड्यांनाच लावता येतो. म्हणजे आग विझवणं, पोलीस किंवा सुरक्षा दलांचं कायदा-सुव्यवस्थेचं काम आणि भूकंप, पूर, रासायनिक दुर्घटना अशा आपत्ती. तोही ड्युटीवर असतानाच. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी दिव्याची वेगळी तरतूद आहे.

याच नियमात एक मुद्दा आहे ज्याची चर्चा फारशी होत नाही. अशी परवानगी कुणाकुणाला दिली, त्याची यादी राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर सूचनेद्वारे लोकांना सांगायची आहे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला शंभर फॉरवर्ड येतात. त्यात ही यादी कधी आली का, आठवून बघा.

सायरनचंही तसंच. वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न नियम ११९ प्रमाणे सामान्य गाडीला चालत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्या वाहनांना त्यातून सूट आहे.

आणि तुमची जबाबदारी? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ई आलं. आपत्कालीन वाहनाला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड आहे. पण खरी गाडी कुठली हे ओळखण्याची सोय ढिली आहे. सरकार लोकांकडून लगेच बाजूला होण्याची अपेक्षा करत असेल, तर 'ही खात्रीने आमची गाडी' असं म्हणता यावं ही जबाबदारी सरकारची होते.

खोटी ओळख कुठवर जाते?

जुलै २०२४ मध्ये पुण्यातलं पूजा खेडकर प्रकरण गाजलं. त्या तेव्हा प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी होत्या. त्यांच्याविषयीच्या बातम्यांची सुरुवातच झाली ती खासगी ऑडी गाडीवरच्या दिव्यावरून आणि 'महाराष्ट्र शासन' या अक्षरांवरून. पुणे पोलिसांनी ती गाडी ताब्यात घेतली. बाकीचे आरोप आणि कोर्टबाजी हा वेगळा विषय आहे. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच, की पुण्यासारख्या शहरात खासगी गाडी दिवा लावून फिरू शकली आणि बोभाटा झाल्यावर कारवाई झाली.

रोजच्या रस्त्यावर प्रकार आणखी साधा असतो. खासगी गाडीच्या काचेवर 'पोलीस' लिहिलेलं स्टिकर, डॅशबोर्डवर टोपी, नाहीतर नंबर प्लेटवरच लाल-निळा पट्टा. बऱ्याचदा हे स्टिकर खरोखर पोलिसाच्या घरातल्या गाडीवर असतं. पण घरची गाडी म्हणजे खात्याची गाडी होत नाही. ती बाजारात जाताना पोलिसांची नसते. आणि नंबर प्लेटवर नंबराशिवाय दुसरं काही लिहायला परवानगीच नाही.

पुढची पायरी तोतया पोलिसांची. 'पुढे चेकिंग चालू आहे, मावशी, दागिने काढून रुमालात बांधा' ही पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक फसतात. कारण समोरचा माणूस ओळख दाखवतो आणि आपण ती तपासत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे सरकारी नोकर असल्याची बतावणी करून त्या अधिकारात काही केलं, तर किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड आहे. फसवण्याच्या हेतूने नुसता तसा पोशाख किंवा खूण वापरली तर कलम २०५ आहे.

आणि सगळ्यात भयंकर उदाहरण महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिलं. कामा हॉस्पिटलजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळीबार करून दहशतवाद्यांनी पोलिसांचीच क्वालिस पळवली. मेट्रो सिनेमाच्या चौकात त्यांनी त्याच गाडीतून जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. समोरून येणारी गाडी पोलिसांची आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हे माणूस विचार न करता धरून चालतो. त्याच भरवशाचा त्या रात्री हत्यारासारखा वापर झाला.

ब्रिटनही यातून सुटलं नाही. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचा खून झाला. खुनी सेवेतला पोलीस होता आणि त्याने स्वतःचं खरं ओळखपत्र वापरून तिला थांबवलं होतं. त्यानंतर लंडन पोलिसांनी पद्धत आणली, की साध्या वेशातला एकटा पोलीस एखाद्या एकट्या महिलेशी बोलत असेल, तर त्याने नियंत्रण कक्षाला व्हिडिओ कॉल लावून स्वतःची खात्री पटवून द्यायची. म्हणजे चौकट आणि ओळखपत्र पुरेसं नाही, लोकांना उलटतपासणी करता आली पाहिजे, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

मग आपण काय करायचं?

सायरन आणि दिवा दोन्ही चालू असलेली गाडी मागून आली, तर वाद न घालता बाजूला व्हा. रस्त्यावर उभं राहून खरं-खोटं ठरवणं धोक्याचं आहे. संशय असेल तर नंबर लक्षात ठेवा आणि नंतर तक्रार करा. आणि त्या गाडीच्या मागे चिकटून स्वतःची वाट काढू नका. चाकणमध्ये कोंडी वाढवणाऱ्या सवयींपैकी ही एक आहे.

तुम्हाला कुणी थांबवलं, तर गणवेश बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी चालतं. दंड असेल तर ई-चलान मागा, हातात रोख देऊ नका.

रात्री सुनसान रस्त्यावर साध्या वेशातले लोक 'आम्ही पोलीस' म्हणत गाडी अडवत असतील, तर काच पूर्ण खाली न करता ११२ लावा आणि विचारा, इथे तुमची गाडी आहे का? प्रत्येक ११२ च्या गाडीचं ठिकाण कक्षाला दिसतं, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. दागिने कुणीही काढायला सांगितले तरी काढू नका. खरे पोलीस तुमचे दागिने रुमालात बांधून देत नाहीत.

आणि सरकारने?

बॅटनबर्गची जशीच्या तशी नक्कल करायची गरज नाही. पण त्यातला मुख्य मुद्दा घेण्यासारखा आहे. एक ठरलेली नक्षी, राज्यातल्या सगळ्या पोलीस गाड्यांवर सारखी, परावर्तक पत्र्यात, आणि दुसऱ्या कुणालाही वापरायला बंदी. पोलीस राज्याचा विषय असल्यामुळे यासाठी दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. मुंबईत ठरवलं की झालं.

परावर्तक पत्रा आपल्याला नवीन नाही. मालवाहू गाड्यांना पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या लावायचा नियम आधीपासून आहे. जो नियम कंटेनरला लागू आहे, तोच विचार त्या कंटेनरच्या अपघातस्थळी रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या पोलीस गाडीसाठी का नको? तिच्या आत बसलेला हवालदार सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

दुसरं काम म्हणजे ती यादी. दिव्याची परवानगी कुणाला आहे, हे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला मोबाइलवर बघता आलं पाहिजे.

तिसरं काम सगळ्यात अवघड आहे आणि त्याला पैसा अजिबात लागत नाही. खासगी गाड्यांवरची 'पोलीस' स्टिकर काढायची मोहीम पोलीस वसाहतींच्या पार्किंगपासून सुरू करायची. तिथली स्टिकर निघाली, तर चाकणच्या चौकात भाऊंच्या गाडीवरचा दिवा उतरवताना पोलिसांना कुणी उलट प्रश्न विचारणार नाही.